जिस्टची गाठ सूक्ष्मदर्शकाखाली: पेशींची ठेवण, मार्कर आणि रिपोर्टबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गॅस्ट्रोइंटेस्टायनल स्ट्रोमल ट्यूमर, म्हणजेच जिस्ट. या गाठीचा पॅथॉलॉजी रिपोर्ट हातात आला की रुग्ण, नातेवाईक आणि निवासी डॉक्टर साधारण हेच प्रश्न विचारतात. पेशी कशा दिसतात यावरून गाठ ओळखायला सुरुवात होते, पण ती पुढे कशी वागेल हे निव्वळ दिसण्यावरून ठरत नाही. खालची बहुतेक उत्तरे याच फरकाभोवती फिरतात.

जिस्ट नेमकी कोणत्या पेशींपासून तयार होते?

जठर आणि आतड्याच्या भिंतीत स्नायूंच्या थरांमध्ये काहालच्या इंटरस्टिशियल पेशी असतात. स्पॅनिश शास्त्रज्ञ सान्तियागो रामोन ई काहाल यांच्यावरून त्यांना हे नाव मिळाले. आतड्याच्या आकुंचनाची लय या पेशी ठरवतात आणि मज्जातंतूंचा संदेश स्नायूपर्यंत पोचवतात. जिस्टच्या पेशी याच पेशींसारख्या, किंवा त्यांच्या पूर्वज पेशींसारख्या असतात.

१९८३ पूर्वी यातल्या बहुतेक गाठी स्नायूच्या गाठी समजल्या जात. लायोमायोमा, लायोमायोब्लास्टोमा, लायोमायोसार्कोमा अशी नावे जुन्या कागदपत्रांत आजही सापडतात. १९८३ मध्ये मेझर आणि क्लार्क यांनी ‘स्ट्रोमल ट्यूमर’ हा शब्द वापरला. १९९८ मध्ये हिरोता आणि सहकाऱ्यांनी या गाठींत किट जनुकाचे म्युटेशन दाखवले, आणि तिथून सगळे चित्र बदलले. त्यामुळे जठराच्या लायोमायोसार्कोमाचा एखादा जुना रिपोर्ट पुढे आला, तर त्या गाठीचा ब्लॉक (मेणात जपलेला तुकडा) पुन्हा तपासून घेणे योग्य. त्यातले बरेच आज जिस्ट ठरतात.

स्लाइडवर पेशी कशा दिसतात?

तीन ठेवणी आहेत. सुमारे ७०% गाठी स्पिंडल सेल प्रकारच्या, सुमारे २०% एपिथेलिऑइड आणि उरलेल्या मिश्र असतात.

स्पिंडल सेल जिस्टमध्ये दोन्ही टोकांना निमुळत्या पेशी छोट्या-छोट्या जुड्यांमध्ये किंवा भोवऱ्यासारख्या रचनेत मांडलेल्या असतात. पेशीद्रव्य फिकट गुलाबी आणि बारीक तंतुमय असते. दोन पेशींमधली सीमा स्पष्ट दिसत नाही, सगळ्या एकमेकींत मिसळल्यासारख्या वाटतात. केंद्रके लांबट आणि बरीचशी एकसारखी असतात.

एपिथेलिऑइड प्रकारात पेशी गोल किंवा बहुकोनी, केंद्रक गोल आणि पेशीद्रव्य फिकट किंवा पारदर्शक असते. पेशी थरांमध्ये किंवा घरट्यांसारख्या गटांमध्ये असतात. हा प्रकार जठरात जास्त आढळतो. याच प्रकारात कार्सिनोमा, न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर किंवा मेलॅनोमा असे चुकीचे निदान होण्याचा धोका सर्वात मोठा.

एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी: बहुतेक जिस्टमध्ये पेशी कंटाळवाण्या वाटाव्यात इतक्या एकसारख्या असतात. केंद्रकांचा आकार फार वेडावाकडा, एकमेकांपासून फार वेगळा दिसला, तर आधी दुसऱ्या गाठीचा विचार करावा.

जागेनुसार चित्र बदलते का?

बदलते, आणि अनुभवी डोळ्याला त्याचा उपयोग होतो. जठरातल्या स्पिंडल सेल जिस्टमध्ये केंद्रकाच्या टोकाशी एक लहान रिकामी पोकळी दिसते. ४० च्या ऑब्जेक्टिव्हखाली पाहिले तर ती केंद्रकाला चिकटलेली, कधी कधी त्याला खळगा पाडणारी असते. याच गाठींत केंद्रके ओळीने रांगेत उभी राहिलेली दिसतात. ही रांग पाहून श्वानोमा (मज्जातंतूच्या आवरणाची गाठ) म्हणायची घाई होते, पण जठराच्या खऱ्या श्वानोमात अशी रांग क्वचितच दिसते.

लहान आतड्यातल्या गाठींत पेशींच्या मधे गुलाबी, चकचकीत गोळे किंवा गुंडाळ्या दिसतात. त्यांना स्केनॉइड तंतू म्हणतात. ते कोलॅजनचे असतात आणि पास नावाच्या स्टेनने (स्लाइडवरच्या रंगाने) उठून दिसतात. गुदाशयातल्या गाठी बहुधा स्पिंडल सेल प्रकारच्या, दाट पेशींच्या असतात.

एकूण जिस्टपैकी साधारण ६०% जठरात, ३०% लहान आतड्याच्या जेजुनम आणि इलियम या भागांत, सुमारे ५% ड्युओडेनममध्ये (लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात), तेवढ्याच गुदाशयात आढळतात. अन्ननलिकेत ही गाठ फार क्वचित होते. तिथे स्नायूसारखी गाठ दिसली तर ती लायोमायोमा असण्याचीच शक्यता जास्त.

रिपोर्टमध्ये ‘वेल डिफरन्शिएटेड’ किंवा ‘पूअरली डिफरन्शिएटेड’ का लिहिलेले नाही?

कारण जिस्टची ग्रेड पेशी किती ‘प्रौढ’ दिसतात यावर ठरत नाही. ग्रंथींच्या कॅन्सरमध्ये पेशी मूळ ग्रंथीशी किती मिळत्याजुळत्या आहेत हे पाहून ग्रेड देतात. जिस्टमध्ये ग्रेड फक्त मायटोसिसच्या, म्हणजे विभागत असलेल्या पेशींच्या, संख्येवर ठरते: ५ चौरस मिलिमीटरमध्ये ५ किंवा कमी असतील तर कमी ग्रेड, ५ पेक्षा जास्त असतील तर जास्त ग्रेड.

हे मुद्दाम असे आहे. अगदी शांत, एकसारख्या पेशींच्या गाठीही पुढे यकृतात पसरलेल्या आढळल्या आहेत, तर काही ठिकाणी वेडीवाकडी केंद्रके असूनही मायटोसिस कमी आणि पुढची वाटचाल चांगली असते. म्हणून ‘पेशी सौम्य दिसतात’ या वाक्यावर कुणी निर्धास्त होऊ नये.

मग जिस्टच्या संदर्भात ‘डिफरन्सिएशन’ म्हणजे काय?

गाठीची पेशी कोणत्या सामान्य पेशीच्या दिशेने गेली आहे, हा त्याचा अर्थ. जिस्टमध्ये ती दिशा काहालच्या पेशीची असते. ईटीव्ही१ हा ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर त्या पेशींची ओळख टिकवतो, आणि सक्रिय झालेले किट प्रथिन तो टिकून राहायला मदत करते.

तरी काही गाठी स्नायू किंवा मज्जातंतूच्या पेशींचे गुण, म्हणजे त्यांचे मार्कर (स्टेनने ओळखायची प्रथिने), थोडेफार दाखवतात. ३० ते ४०% जिस्टमध्ये स्मूथ मसल ॲक्टिन पॉझिटिव्ह येते, एच-काल्डेस्मॉन त्याहूनही जास्त गाठींत. एस-१०० सुमारे ५% गाठींत येते. डेस्मिन क्वचित, आणि आले तरी ठिपक्यासारखे. एखाद्याच मार्करवरून ‘ही स्नायूची गाठ’ किंवा ‘ही मज्जातंतूची गाठ’ असे ठरवणे म्हणूनच धोक्याचे.

पूर्वी गॅन्ट नावाचा एक वेगळा प्रकार मानत. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली त्यांत मज्जापेशींसारखे लांब धागे आणि घनगर्भ कण दिसत. त्या गाठीही जिस्टच आहेत हे आता सिद्ध झाले आहे आणि ते नाव वापरातून गेले आहे.

सीडी११७ आणि डॉग१ या तपासण्या कशासाठी?

सीडी११७ म्हणजे किट प्रथिन. सुमारे ९५% जिस्टमध्ये ते पॉझिटिव्ह येते. रंग तीन प्रकारे दिसतो: पूर्ण पेशीद्रव्यात, पेशीच्या कडेला, किंवा केंद्रकाजवळ एका ठिपक्यासारखा. तिन्ही ग्राह्य आहेत. डॉग१ हे क्लोराइड आयन वाहिनीचे प्रथिन २००४ मध्ये पुढे आले. तेही जवळपास तितक्याच गाठींत येते, आणि महत्त्वाचे म्हणजे सीडी११७ निगेटिव्ह असलेल्या बऱ्याच गाठी पकडते. त्यामुळे दोन्ही एकत्र करावेत. सीडी३४ सुमारे ७०% गाठींत येते, जठरात जास्त आणि लहान आतड्यात कमी. पण ते इतर अनेक गाठींतही येते, म्हणून एकट्याने त्याला फारसे वजन नाही.

स्टेन वाचताना होणाऱ्या चुका:

- आधी अंतर्गत कंट्रोल पाहा. मास्ट सेल (ऊतकातल्या सामान्य रोगप्रतिकारक पेशी) गडद रंगल्या पाहिजेत. त्या रंगल्या नसतील, तर गाठीचा निगेटिव्ह निकाल निरर्थक आहे.
- लायोमायोमात, विशेषतः अन्ननलिका आणि जठराच्या वरच्या भागात, मास्ट सेल आणि काहालच्या पेशी विखुरलेल्या असतात. सीडी११७ लावल्यावर त्या चमकतात आणि घाईत गाठच पॉझिटिव्ह वाटते. फांद्या असलेल्या मोजक्या पेशी रंगल्या आहेत की गाठीच्या सगळ्या पेशी, हे मोठ्या भिंगाखाली तपासावे.
- अँटिजेन रिट्रीव्हल (स्टेनआधी ऊतकातली प्रथिने उघडी करण्याची क्रिया) फार तीव्र किंवा अँटिबॉडी फार घट्ट ठेवली, तर डेस्मॉइड (तंतुमय ऊतकाची) गाठसुद्धा खोटी पॉझिटिव्ह येते.
- मेलॅनोमा आणि सेमिनोमातही सीडी११७ येते. ‘सीडी११७ पॉझिटिव्ह म्हणजे जिस्ट’ हे सूत्र अपुरे आहे.

सीडी११७ निगेटिव्ह आले तर जिस्ट नाही, असे समजायचे का?

नाही. निगेटिव्ह गाठींत बऱ्याच वेळा किटऐवजी पीडीजीएफआरए या त्याच्याशी मिळत्याजुळत्या जनुकाचे म्युटेशन असते. त्या बहुधा जठरातल्या, एपिथेलिऑइड आणि सैल, श्लेष्मल पार्श्वभूमीच्या असतात. डॉग१ बहुतेक वेळा मदत करते. दोन्ही निगेटिव्ह असले तरी जागा आणि पेशींची ठेवण जिस्टची वाटत असेल, तर जनुकीय तपासणी करून मगच निर्णय घ्यावा.

कोणत्या गाठी जिस्टसारख्या दिसतात?

लायोमायोमात पेशी कमी, पेशीद्रव्य गडद गुलाबी आणि डेस्मिन ठळक. श्वानोमात गाठीभोवती लिम्फोसाइटची कडा दिसते आणि एस-१०० तसेच सॉक्स१० सर्वत्र येतात. डेस्मॉइडमध्ये बीटा-कॅटेनिन केंद्रकात दिसते आणि लांब जुड्या शेजारच्या स्नायूत घुसतात. सॉलिटरी फायब्रस ट्यूमरमध्ये स्टॅट६ केंद्रकात येते. इन्फ्लमेटरी मायोफायब्रोब्लास्टिक ट्यूमरमध्ये बऱ्याच वेळा एएलके पॉझिटिव्ह असते.

इन्फ्लमेटरी फायब्रॉइड पॉलिप विशेष फसवा आहे. त्यात सीडी३४ येते, पीडीजीएफआरए म्युटेशनही सापडते, पण किट आणि डॉग१ येत नाहीत. रक्तवाहिन्यांभोवती पेशींची कडी आणि भरपूर इओसिनोफिल दिसले की तो आठवला पाहिजे. फक्त म्युटेशनचा कागद पाहून त्याला जिस्ट म्हणू नये.

मायटोसिस किती क्षेत्रात मोजायचे? ५० हाय पॉवर फील्ड की ५ चौरस मिलिमीटर?

५ चौरस मिलिमीटर. इथे सर्वाधिक गोंधळ होतो, आणि त्याचा थेट परिणाम उपचारावर होतो, म्हणून थोडे सविस्तर.

जुन्या सूक्ष्मदर्शकांत एका हाय पॉवर फील्डचे (मोठ्या भिंगातून एका वेळी दिसणाऱ्या वर्तुळाचे) क्षेत्रफळ सुमारे ०.१ चौरस मिलिमीटर होते, त्यामुळे ५० फील्ड म्हणजे ५ चौरस मिलिमीटर. आजच्या आयपीसमधून दिसणारे क्षेत्र बरेच मोठे असते. स्वतःच्या सूक्ष्मदर्शकाचा हिशेब असा करावा: आयपीसवर लिहिलेला फील्ड नंबर भागिले ऑब्जेक्टिव्हची ताकद, म्हणजे फील्डचा व्यास. फील्ड नंबर २२ आणि ऑब्जेक्टिव्ह ४० असेल तर व्यास ०.५५ मिलिमीटर, क्षेत्रफळ सुमारे ०.२४ चौरस मिलिमीटर, आणि ५ चौरस मिलिमीटरसाठी २१ फील्ड. फील्ड नंबर २० असेल तर साधारण २५ किंवा २६, १८ असेल तर ३१ किंवा ३२.

फील्ड नंबर २२ च्या सूक्ष्मदर्शकावर कुणी सवयीने ५० फील्ड मोजले, तर तो जवळजवळ १२ चौरस मिलिमीटर पाहतो. खरी संख्या ५ चौरस मिलिमीटरमध्ये ४ असेल, तर त्याच्या कागदावर ९ किंवा १० पडतील. कमी ग्रेडची गाठ जास्त ग्रेडची ठरेल आणि रुग्णाला कदाचित वर्षानुवर्षे इमॅटिनिबची (सक्रिय किट प्रथिन रोखणाऱ्या औषधाची) गोळी घ्यावी लागेल.

मोजणीची सुरुवात सर्वात जास्त मायटोसिस दिसणाऱ्या भागातून करावी आणि तिथून सलग फील्ड घ्यावेत. सोयीचे फील्ड निवडून घेऊ नयेत. केंद्रकाचे आवरण नाहीसे झालेले आणि क्रोमॅटिनच्या केसाळ कडा स्पष्ट असतील, तरच मायटोसिस धरावे. आक्रसलेले काळे केंद्रक, मेलेली पेशी, चिरडलेली पेशी यांना मोजू नये. केआय-६७ (विभाजनाच्या चक्रातल्या पेशी दाखवणारे मार्कर) चा आकडा मायटोसिसच्या जागी वापरता येत नाही. सक्रिय भाग शोधायला मात्र तो उपयोगी पडतो.

धोका किती, हे कसे ठरते?

तीन गोष्टींवरून: गाठीचा आकार, मायटोसिस आणि जागा. उपचारांशिवाय वर्षानुवर्षे पाहिलेल्या रुग्णांच्या नोंदींवरून मिएटिनेन आणि लासोटा यांनी २००६ मध्ये मांडलेला तक्ता आजही वापरात आहे. जागेचा फरक त्यात ठसठशीत दिसतो. ५ ते १० सेंटिमीटरची, कमी मायटोसिसची गाठ जठरात असेल तर ती वाढण्याची किंवा पसरण्याची शक्यता ३.६%. तशीच गाठ जेजुनम किंवा इलियममध्ये असेल तर २४%. त्याच आकारात मायटोसिस ५ पेक्षा जास्त असेल, तर जठरात ५५% आणि लहान आतड्यात ८५%.

गाठ शस्त्रक्रियेआधी किंवा शस्त्रक्रियेत फुटली, तर हे आकडे मागे पडतात आणि धोका मोठा मानला जातो. म्हणून शस्त्रक्रियेच्या नोटमध्ये गाठ अखंड निघाली की नाही हे स्पष्ट लिहिलेले असणे फार गरजेचे आहे. श्लेष्मल आवरणात पेशींनी प्रत्यक्ष घुसखोरी करणे क्वचित दिसते, पण ते वाईट लक्षण आहे. वरचा व्रण म्हणजे घुसखोरी नव्हे.

जठरात १ सेंटिमीटरपेक्षा लहान जिस्ट प्रौढांत बऱ्याचदा योगायोगाने सापडतात. त्या बहुधा घट्ट, तंतुमय, कधी कॅल्शियम साचलेल्या असतात. त्यातल्या बहुतेक कधी वाढत नाहीत.

एंडोस्कोपीच्या छोट्या तुकड्यावरून धोका सांगता येतो का?

निदान सांगता येते, धोका पक्का सांगता येत नाही. सुईच्या तुकड्यात ५ चौरस मिलिमीटर गाठ मिळेलच असे नाही. अशा वेळी किती क्षेत्रात किती मायटोसिस दिसले हे जसेच्या तसे लिहावे, गुणाकार करून फुगवू नये. शिवाय गाठीचा सर्वात सक्रिय भाग तुकड्यात आलाच असेल याची खात्री नसते. तुकडा मार्करसाठी आणि म्युटेशनसाठी पुरेल, एवढी काळजी घेतली तरी मोठे काम होते.

एसडीएच-डिफिशिएंट जिस्ट म्हणजे काय?

सक्सिनेट डिहायड्रोजिनेज (एसडीएच) हे पेशीतले एन्झाइम नाहीसे झालेली जिस्ट. जठरातल्या जिस्टपैकी सुमारे ५ ते ७.५% गाठी या प्रकारच्या असतात. जवळजवळ सगळ्या जठरातच होतात, मुलांमध्ये आणि तरुण स्त्रियांमध्ये जास्त. कमी ताकदीच्या भिंगाखालीच त्या ओळखू येतात: गाठ एकसंध नसते, स्नायूच्या पट्ट्यांनी विभागलेल्या अनेक गाठोड्यांची असते, आणि पेशी एपिथेलिऑइड असतात. लिम्फवाहिन्यांत आणि लिम्फ नोडमध्ये पसरतात, जे नेहमीच्या जिस्टमध्ये फार क्वचित घडते.

यात किट आणि पीडीजीएफआरए यांचे म्युटेशन नसते. सीडी११७ आणि डॉग१ मात्र पॉझिटिव्ह येतात, म्हणून ही गाठ सहज नेहमीच्या जिस्टमध्ये खपून जाते. पक्के निदान एसडीएचबी (या एन्झाइमचा एक घटक) स्टेनने होते. सामान्य पेशीत पेशीद्रव्यात कणीदार रंग दिसतो. गाठीत तो नाहीसा झालेला असेल, आणि शेजारच्या रक्तवाहिन्यांच्या पेशींत व लिम्फोसाइटमध्ये टिकून असेल, तर निदान पक्के.

वरचा धोक्याचा तक्ता या गाठींना लागू होत नाही. कमी मायटोसिस असूनही यकृतात पसरतात, आणि पसरूनही रुग्ण अनेक वर्षे जगतात. इमॅटिनिब यांवर फारसे चालत नाही. बऱ्याच रुग्णांत दोष जन्मतः असतो, त्यामुळे जनुकीय सल्ला आणि पॅरागँग्लिओमाची (मज्जासंस्थेशी जोडलेल्या पेशीगटांची गाठ) तपासणी आवश्यक. जठरातली एपिथेलिऑइड जिस्ट असेल तर एसडीएचबी न करता रिपोर्ट बंद करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

म्युटेशनचा पेशींच्या ठेवणीशी संबंध असतो का?

काही प्रमाणात. किट जनुकाच्या एक्सॉन ११ (जनुकाचा एक तुकडा) मधले म्युटेशन सर्वात सामान्य, कुठेही, बहुधा स्पिंडल. एक्सॉन ९ मुख्यतः लहान आतड्यात. पीडीजीएफआरएचे डी८४२व्ही हे म्युटेशन जठरात, एपिथेलिऑइड, आणि इमॅटिनिबला दाद न देणारे. न्यूरोफायब्रोमॅटोसिस प्रकार १ या जनुकीय आजारात लहान आतड्यात अनेक स्पिंडल सेल गाठी असतात आणि शेजारी काहालच्या पेशींची वाढ दिसते. पण हे अंदाज आहेत, औषध ठरवण्यासाठी प्रत्यक्ष जनुकीय तपासणीच हवी.

इमॅटिनिबनंतर काढलेली गाठ वेगळी का दिसते?

चांगला परिणाम झाला असेल तर पेशी विरळ होतात आणि त्यांच्या जागी काचेसारखा किंवा श्लेष्मल स्ट्रोमा, मृत ऊतक आणि पोकळ्या दिसतात. उरलेल्या पेशींत सीडी११७ कमी किंवा नाहीसे झालेले असू शकते. म्हणून विनंती अर्जावर ‘उपचार झाले आहेत, इतके महिने’ हे लिहिलेच पाहिजे. उपचारांनंतरच्या मायटोसिसवरून धोक्याचा तक्ता वापरता येत नाही. विरळ पेशींच्या मधे एखादी दाट, सक्रिय गाठोडी दिसली, तर ती औषधाला न जुमानणाऱ्या नव्या क्लोनची असू शकते आणि तिचा तुकडा जनुकीय तपासणीसाठी वेगळा घ्यावा.

डीडिफरन्सिएशन म्हणजे काय?

नेहमीच्या जिस्टच्या शेजारी अचानक, अगदी स्पष्ट सीमेने, अतिशय विकृत पेशींचा भाग सुरू होतो. त्या भागात सीडी११७ आणि डॉग१ नाहीसे झालेले असतात. कधी हे सुरुवातीपासून असते, कधी दीर्घ इमॅटिनिबनंतर होते. क्वचित त्या भागात कंकाल स्नायूसारखे डिफरन्सिएशन होऊन डेस्मिन आणि मायोजेनिन येतात. त्या एकट्या भागाचा तुकडा पाहिला तर रॅब्डोमायोसार्कोमा (कंकाल स्नायूचा कॅन्सर) वाटेल. जुना ब्लॉक शेजारी ठेवून पाहणे आणि दोन्ही भागांची म्युटेशन तपासणे हा यावरचा खात्रीचा उपाय.

नमुना कसा जपावा, म्हणजे सगळ्या तपासण्या होतील?

गाठ लगेच १०% न्यूट्रल बफर्ड फॉर्मेलिनमध्ये ठेवावी, द्रावण ऊतकाच्या निदान दहापट. मोठी गाठ काप देऊन ठेवावी, नाहीतर मधला भाग फिक्स होण्याआधीच कुजतो आणि तिथले मायटोसिस ओळखता येत नाहीत. ६ ते ७२ तास फिक्सेशन पुरेसे. बुइन्स द्रावण टाळावे, त्यात डीएनए खराब होतो. दर सेंटिमीटरला निदान एक ब्लॉक, आणि वेगळा रंग, घट्टपणा किंवा रक्तस्राव दिसेल त्या प्रत्येक भागाचा तुकडा घ्यावा. सेक्शन ३ ते ४ मायक्रॉनचे.

दुसऱ्या लॅबला ब्लॉक पाठवताना सर्वात जास्त जिवंत पेशी असलेला ब्लॉक निवडावा, आणि त्याच ब्लॉकची एच अँड ई (नेहमीच्या रंगाची) स्लाइड, गाठीचा भाग पेनने गोल करून, सोबत द्यावी.